आपत्तीआधीचा कायदा

२९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी सिनेट विधेयक ५३वर स्वाक्षरी केली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्वांत शक्तिशाली प्रणाली घडवणाऱ्या कंपन्या तेथे कायद्याच्या कक्षेत आल्या. बरोबर वर्षभरापूर्वी त्यांनीच याहून कडक असे विधेयक १०४७ नकाराधिकार वापरून रोखले होते. केवळ आकार आणि खर्च पाहून धोका मोजता येत नाही, लहान प्रणालीही तितकीच घातक ठरू शकते, हा त्यांचा आक्षेप होता.

नव्या कायद्याचा रोख ‘फ्रंटियर मॉडेल’वर, म्हणजे ज्यांच्या प्रशिक्षणाला एकावर सव्वीस शून्ये एवढ्या संख्येहून अधिक गणिती क्रिया लागतात अशा प्रणालींवर आहे. एकाच घटनेत पन्नासहून अधिक माणसे दगावण्याचा वा गंभीर जखमी होण्याचा, किंवा एक अब्ज डॉलरहून अधिक नुकसानीचा धोका आपण कसा तपासतो, याचा आराखडा मोठ्या कंपन्यांनी जाहीर करायचा आहे. गंभीर घटना पंधरा दिवसांत, आणि जीवितास तातडीचा धोका असल्यास चोवीस तासांत, शासनाला कळवायची आहे. शिवाय आतला धोका उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याला, म्हणजे जागल्याला, संरक्षण मिळाले आहे.

माहिती उघड करण्याचे हे बंधन भारताला नवे नाही, मात्र त्याची किंमत भोपाळने मोजली. डिसेंबर १९८४मध्ये वायुगळती होऊन हजारो माणसे मेली, आणि त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना, निरीक्षकांना आणि परिसरातील नागरिकांना देणे कारखानदारावर सक्तीचे झाले. तेच बंधन कॅलिफोर्नियाने आपत्तीची वाट न पाहता घातले, हे या कायद्याचे खरे मोल होय.

तरीही त्यात एक मोठी उणीव राहिली आहे. आराखडा कंपनीच लिहिते, आणि तो पुरेसा आहे का हे पारखणारी स्वतंत्र तपासणी कायद्याने सक्तीची केलेली नाही. ज्या शासनाकडे प्रणाली तपासू शकणारे स्वतःचे तज्ज्ञ नाहीत, त्याच्या हाती आलेला अहवाल फायलीतच पडून राहण्याची भीती असते.

भारतात केंद्र सरकारने १ मार्च २०२४ रोजी अपुऱ्या चाचणीच्या मॉडेलसाठी पूर्वपरवानगीची अट घालणारे सूचनापत्र काढले आणि पंधरवड्यात ती अट मागे घेतली. सरसकट परवाना आणि संपूर्ण मोकळीक यांच्या मधला मार्ग उपलब्ध आहे: धोक्याची माहिती देण्याची सक्ती, ती पडताळणारी सक्षम सरकारी यंत्रणा आणि खोटे सांगणाऱ्याला जबर दंड. असा कायदा भारतात दुर्घटनेनंतर नव्हे, आधी व्हावा, अशी मागणी मराठी वाचकांनीही आपल्या लोकप्रतिनिधींकडे लावून धरली पाहिजे. कारण ज्या धोक्याची झळ नागरिकांना बसणार, त्याची माहिती मिळणे हा त्यांचा हक्क आहे.