दुःखाला माणसं लागतात

शेतकऱ्याच्या घरात अवेळी मृत्यू झाला की त्या घराची चूल पेटत नाही; पिठलं-भाकरी शेजारच्या घरांतून येते. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवतात आणि कावळा शिवेपर्यंत सगळे उन्हात ताटकळतात. तो येईना, तेव्हा भावकीतलं कोणीतरी पुढे होतं, हात जोडून मोठ्याने म्हणतं, ‘लेकरांची काळजी करू नको, आम्ही आहोत.’ आत्म्याचं पुढे काय होतं यावर वाद घालता येईल. पण हा शब्द चारचौघांत दिलेला असतो, मागे राहिलेल्या बाईपर्यंत तो पोचतो आणि उद्या मोडला तर गाव जाब विचारू शकतं. विधीचं मोल आम्हाला इथे दिसतं.

त्याच दिवसांत तिच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं हा मात्र आधार नव्हे, छळ आहे. तेराव्याच्या जेवणावळीसाठी काढलेलं कर्जही तसंच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. आपल्या गावाने तो केला नसेल, तर येत्या ग्रामसभेत मांडा.