कोर्ट मॅरेज? आधी कॅलेंडर काढा!

शुक्रवारी रात्री पुण्याहून लातूर-नांदेडकडे सुटणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये हमखास कानावर पडणारा डायलॉग : ‘घरचे ऐकत नसतील ना, तर सरळ कोर्ट मॅरेज करून टाकू. एका दिवसाचं तर काम!’

बॉस, इथं दोन घोळ आहेत. एक, कोर्ट मॅरेज कोर्टात होत नाही. ते होतं विवाह अधिकाऱ्याच्या, आपल्या भाषेत रजिस्ट्रारच्या ऑफिसात. आणि दोन, ते एका दिवसात होत नाही.

जमैकाची गोष्ट वेगळी. ख्रिस गेलच्या त्या बेटावर, लायसन्सचा अर्ज आधीच केला असेल तर, पाहुण्या जोडप्याला उतरल्यावर २४ तासांनी लग्न करता येतं. आपला १९५४ चा स्पेशल मॅरेज ॲक्ट मात्र म्हणतो, जरा दमानं!

समजा, तो लातूरचा, ती नांदेडची. दोघंही पुण्यात नोकरीला. मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण, हे तर झालंच. नोटीस कुठं द्यायची? ज्या जिल्ह्यात दोघांपैकी एक जण नोटिशीच्या आधीचे सलग ३० दिवस राहतोय, तिथं. म्हणजे पुणं चालेल. १ नोव्हेंबरला नोटीस लागली, तर हरकतींसाठी पुढचे ३० दिवस थांबायचं. लग्न करता येणार डिसेंबर उजाडल्यावर. पण फार रेंगाळूही नका. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही, तर ती बाद. पुन्हा पहिल्यापासून!

त्या दिवशी तीन साक्षीदार हवेत. मंगलाष्टकं नसली तरी चालतील, पण ‘मी तुला कायदेशीर पती/पत्नी म्हणून स्वीकारतो/स्वीकारते’ हे वाक्य दोघांनी अधिकाऱ्यासमोर आणि साक्षीदारांसमोर म्हणायलाच हवं. त्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही.

आता खरं टेन्शन. ती नोटीस ऑफिसच्या बोर्डावर लागते. पुण्यात दिली म्हणून गावाकडं कळणार नाही, असं समजू नका. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडं जाते आणि तिथल्याही बोर्डावर झळकते. आणि नांदेडच्या ऑफिसात कामाला आलेले एखादे काका मोबाइलवरून विचारतात, ‘काम्हून बे, हे नाव आपल्या पोरीचं दिसतंय?’

मग काका हरकत घेऊ शकतात? घेऊ शकतात. पण कारण कायद्यातलंच लागतं : आधीचा जोडीदार हयात असून घटस्फोट झालेला नाही, वय कमी आहे, संमती देण्याइतकी मानसिक क्षमता नाही किंवा निषिद्ध नातं आहे. ‘जात वेगळी’, ‘पगार कमी’, ‘आम्हाला पसंत नाही’ ही कारणं या यादीत नाहीत. हरकत आली तर अधिकाऱ्यानं ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ती वाईट हेतूनं घेतलेली निघाली, तर हजार रुपयांपर्यंत भरपाईही बसू शकते.

निषिद्ध नात्यावरून आठवलं. आपल्या मराठवाड्यात मामाची मुलगी म्हणजे जवळजवळ हक्काचं स्थळ! हिंदू विवाह कायद्यात रूढी असेल तर ते चालतं. स्पेशल मॅरेज ॲक्टच्या यादीत मात्र मामेबहीण-आतेबहीण निषिद्ध नात्यांत येतात, आणि रूढीची सूट हवी तर ती रूढी राज्य सरकारनं गॅझेटमध्ये मान्य केलेली लागते.

‘मग आळंदी गाठू!’ असं म्हणणारेही आहेत. दोघंही हिंदू असाल (कायद्याच्या भाषेत बौद्ध, जैन, शीखही यात आले) तर तिथलं वैदिक लग्न वैध आहे. पण विधी खरोखर व्हायला हवेत. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं, की विधी न करता नुसतं सर्टिफिकेट काढलं तर ते हिंदू विवाहच नाही. आणि कार्यालयाचा कागद म्हणजे सरकारी दाखला नव्हे. १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे ९० दिवसांत वेगळी नोंदणी करा. डिपेंडंट व्हिसाच्या वेळी हाच दाखला मागतात.

गोव्याच्या बीचवर फेरे घ्यायचेत? बिनधास्त घ्या! फक्त ड्रोनचा व्हिडिओ म्हणजे पुरावा नाही. रजिस्ट्रारसमोरचं लग्न आधी उरकून घेतलंत, तर बीचवर निवांत नाचता येईल.

आणि घरून धमक्या येत असतील, तर गप्प बसू नका. २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, की दोन सज्ञान माणसांनी एकमेकांना निवडलं की घराण्याची किंवा समाजाची परवानगी लागत नाही. अशा जोडप्याला संरक्षण देणं हे पोलिसांचं काम आहे. नोटीस देण्याआधीच चांगल्या वकिलाला भेटा, पोलिसांकडं लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच जवळ ठेवा.

तेव्हा हॉल, केटरर, मेहंदीवाली... सगळं नंतर. कॅलेंडरवर पहिला गोल नोटिशीच्या तारखेला!