थकले आहेत, की नुसतंच वय झालं?

आमच्या दारव्ह्यात म्हाताऱ्या माणसाचं ऑपरेशन निघालं की दोन प्रकारची मंडळी भेटायला येतात. एक म्हणतात, "आता या वयात कायले चिरफाड करता?" दुसरे म्हणतात, "कार्ड आहे ना, पैसे लागत नाहीत, करून टाका." मला दोघांचंही पटत नाही.

आधी वयाचं बघू. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात वाजपेयींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ते ७५ वर्षांचे होते आणि पंतप्रधान होते. जून २००१ मध्ये दुसऱ्या गुडघ्याचंही झालं. पुढे २००४ पर्यंत त्यांनी देशाचा कारभार पाहिला. उलट साठीतच खाटेला टेकलेली माणसंही आपण पाहतो. जन्मतारखेवरून फारसं काही कळत नाही.

आपल्या बोलीत यासाठी एक चांगला शब्द आहे. "नाना आता फार थकले हो," असं आपण म्हणतो, तेव्हा अंगातली शिल्लक संपत आली, हे सांगायचं असतं. डॉक्टर यालाच फ्रेल्टी म्हणतात. अमेरिकेतल्या लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याच्या पाच खुणा मांडल्या: आपोआप वजन उतरणं, सतत थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं आणि एकूण हालचाल कमी होणं. पाचांतल्या तीन दिसल्या की माणूस थकला समजायचं.

जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी पासष्टी गाठलेल्या ५९४ रुग्णांना ऑपरेशनआधी याच खुणांवर तपासलं. २०१० मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. थकलेल्यांना ऑपरेशननंतर गुंतागुंतीचा धोका सुमारे अडीचपट होता. दवाखान्यातला मुक्काम लांबला. थेट घरी न जाता देखभालीच्या केंद्रात जावं लागण्याची शक्यता तर कितीतरी पट जास्त होती. आपल्याकडे असं केंद्र म्हणजे घरातली सून किंवा लेक! तिच्यावर काय येणार, याचा हिशेब आधी कोणीच मांडत नाही.

आता कार्डाचं. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षं पूर्ण झालेल्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली. फार चांगलं झालं. पण अंगातली ताकद कार्डावर मिळत नाही, ती घरीच कमवावी लागते. गुडघा, हर्निया अशी ऑपरेशनं बहुधा काही आठवडे थांबू शकतात. तेवढ्यात डॉक्टरांना विचारून डाळ, दूध, अंडी वाढवावीत, रोज चालावं, खर्रा पूर्ण बंद करावा, रक्त कमी असेल तर भरून काढावं. खुब्याचं हाड मोडलं तर मात्र थांबू नये. शक्यतो एक-दोन दिवसांत ऑपरेशन व्हावं, कारण थकलेलं माणूस पडून राहिलं की आणखी थकतं.

ऑपरेशननंतर म्हातारं माणूस भलतंसलतं बोलू लागलं, तर "डोकं फिरलं" म्हणून सोडून देऊ नका. या वयात असं बरेचदा होतं. लगेच डॉक्टरांना सांगा. चष्मा आणि कानाचं यंत्र लावून द्या, ओळखीचं माणूस जवळ बसवा.

आणि सर्वांत महत्त्वाचं... दवाखान्याच्या व्हरांड्यात मुलगा, जावई, पुतण्या मिळून ठरवतात. ज्याच्या अंगावर सुरी चालणार तो आत खाटेवर असतो, त्याला कोणी विचारत नाही. त्याला विचारा, बरं होऊन तुम्हाला काय करायचंय? कोणाला वावरापर्यंत चालत जायचं असतं. कोणाला एवढंच हवं असतं की संडासला जाताना कोणाचा हात धरावा लागू नये. मग डॉक्टरांना विचारा, ऑपरेशननं हे जमेल का? जमणार नसेल तर नको म्हणण्यात आईबापांची हेळसांड नाही. त्यांचं दुखणं कमी ठेवणं, हीसुद्धा सेवाच आहे.

मीही सत्तरी ओलांडली आहे आणि माझी मुलं हे वाचतात, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो. माझी वेळ आली तर आधी माझी चाल बघा, मग मला विचारा आणि त्यानंतरच कागदावर सही करा.