जुनी मोटार, नवे धनी

गेल्या पंधरवड्यांत आमच्या शिरढोणच्या घरीं ११ वर्षांची, उंच बांध्याची एक जुनी मोटार आली. चिरंजीवांनीं नारळ फोडला, सूनबाईंनीं हळदकुंकू वाहिलें आणि दुसऱ्याच दिवशीं गुहागरास व्याडेश्वराच्या दर्शनाला निघण्याचें ठरलें. मीं म्हटलें, "पूजा झाली, आतां परीक्षा होऊं द्या." मंडळी रुसली.

मिस्त्रीनें चाकें तपासलीं. टायरांची नक्षी खोल होती; परंतु कडेचे चार अंक ३२१४ निघाले, म्हणजे २०१४ सालचा ३२ वा आठवडा! रबर न झिजतांहि वयानें कडक होतें व तडकतें. ब्रेकचें तेल काळवंडलेलें होतें. तें हवेंतील ओलावा शोषतें. घाटउतारावर ब्रेक तापले कीं त्या पाण्याची वाफ होते आणि पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. म्हणून तें साधारणतः दोन वर्षांनीं बदलावें. इंजिनाला टायमिंगचा पट्टा असून तो बदलल्याचा पुरावा नसेल, तर बदलला नाहीं असेंच समजावें. विमा आपल्या नांवें करून घेण्याचा अर्जहि १९८८ च्या कायद्याप्रमाणें १४ दिवसांत करावा लागतो.

नातवानें विचारलें, "आजोबा, नारळ फोडला होता ना? मग चाकें कां बदललीं?"

"बाळ, नारळ देवाचा, चाकांची काळजी आपली."

आठ दिवस उशिरां निघालों. कर्नाळ्याची खिंड ओलांडतांना मागें वळून पाहिलें, तों तीन पिढ्या त्या एकाच गाडींत निर्धास्त झोंपल्या होत्या. उशिराचें मला कांहींच वाटलें नाहीं.