निनावी पत्रकाची ताकद आणि जबाबदारी

अमेरिकेतील वसाहती आणि ब्रिटन यांच्यात एप्रिल १७७५ मध्येच लेक्झिंग्टन येथे चकमक झडली होती. तरीही त्याच वर्षीच्या जुलैत वसाहतींच्या काँग्रेसने राजा तिसरा जॉर्ज याच्याकडे समेटाचा अर्ज धाडला. लढाई सुरू होती. 'स्वातंत्र्य' हा शब्द उघडपणे उच्चारण्यास मात्र बहुतेक नेते कचरत होते. १० जानेवारी १७७६ रोजी फिलाडेल्फियात प्रसिद्ध झालेल्या 'कॉमन सेन्स' या निनावी पुस्तिकेने ही कोंडी फोडली.

पुस्तिकेचे लेखक थॉमस पेन हे इंग्लंडच्या अबकारी खात्यातून बडतर्फ झालेले कर्मचारी. नोव्हेंबर १७७४ मध्ये ते अमेरिकेत उतरले होते. नाव छापणे म्हणजे राजद्रोहाच्या आरोपाला निमंत्रण होते. परंतु निनावीपणाचा लाभ सुरक्षिततेपुरता नव्हता. एका नवख्या स्थलांतरिताचे मत म्हणून जे सहज बाजूला सारले गेले असते, ते अनेकांनी जॉन अॅडम्स किंवा बेंजामिन फ्रँकलिन यांचे समजून वाचले. तोवरचा रोष प्रामुख्याने पार्लमेंटवर होता. पेन यांनी थेट वंशपरंपरागत राजेशाहीवर आणि तेही सामान्यांच्या भाषेत घाव घातला. ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला गेला.

याचे सारे श्रेय पुस्तिकेला देणे अतिशयोक्तीचे ठरेल. वसाहतींना बंडखोर ठरविणाऱ्या राजाच्या भाषणाचे वृत्त त्याच सुमारास अमेरिकेत पोहोचले होते. पेटलेल्या असंतोषाला पेन यांनी दिशा दिली. शिवाय त्यांना उत्तर देणारी 'प्लेन ट्रुथ' ही पुस्तिकाही टोपणनावानेच निघाली आणि ती छापणारे मुद्रक तेच, रॉबर्ट बेल.

येथेच आजचा धडा आहे. 'कॉमन सेन्स'वर लेखकाचे नाव नव्हते, मुद्रकाचे मात्र होते. भारतात लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चे कलम १२७-अ निवडणूक पत्रकावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ता बंधनकारक करते. उल्लंघनास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लेखकाचे नाव हा कायदाही मागत नाही. मोबाइलवरून फिरणाऱ्या निनावी मजकुराला मात्र ना लेखक असतो, ना मुद्रक. सत्तेला प्रश्न विचारणाऱ्याला आडोसा हवाच. पण मजकुराची जबाबदारी घेणारे कोणीच उरले नाही, तर त्याच आडोशाआडून अफवाही पसरते.