दर्जाची ओरड कोणाची?
गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा-देवरीच्या जंगलपट्ट्यात शाळेविषयी घराघरांत दोन मते आहेत. शिकून नोकरी कुठे मिळते, असे बाप विचारतो. रोजगार हमीच्या मस्टरवरचा आकडा तरी वाचता येईल, असे माय म्हणते. दोघेही अनुभवाचेच बोलतात. परंतु बापाचे तेवढे उचलून ‘पालकांनाच आस्था नाही’ असा निवाडा देणारे साहेबलोक लबाड आहेत. दोन गुरुजींवर पाच वर्ग सोपवायचे आणि वर दर्जा नाही म्हणून ओरडायचे! २०२३ मध्ये शासनाने वीसपर्यंत पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागविले. रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांचे शिक्षण चालते, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे मांडले होते. काटकसर आजही खालच्यांच्याच शाळेत! पावसाळ्यात नाला चढल्यावर सहा वर्षांची पोर दूरच्या शाळेत कशी पोहोचणार, ते शासनाने आधी सांगावे.