कपाटाची किल्ली

दिवाळी जवळ आली की आपल्या घरोघर फराळाबरोबर एक रडगाणेही तळले जाते. हल्लीची मुले वाचत नाहीत! व्यासपीठावरचे वक्ते हे सांगतात, संपादक सांगतात, आणि वर्षभर एकही पुस्तक विकत न घेणारे वडीलही चकलीचा तुकडा मोडता मोडता हेच सांगतात. दोष बहुधा मोबाइलवर जातो. बिचारा मोबाइल काही उलट बोलत नाही.

हे रडगाणे पुण्यामुंबईत कितपत खरे आहे याचा निवाडा तिकडच्यांनी करावा. पण आमच्या नंदुरबार जिल्ह्यात येऊन कोणी ते गाऊ लागला, तर त्याला मी हात जोडून थांबवीन. बाबा रे, जे सुरूच झाले नाही ते सुटेल कसे? धडगावच्या डोंगरातल्या मुलाने वाचन सोडलेले नाही. वाचावेसे वाटेल असे पुस्तक त्याच्या हातावर अजून कोणी ठेवलेलेच नाही.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून फुटून आमचा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साक्षरतेचे प्रमाण शेकडा ८२ च्या वर होते. नंदुरबारात ते शेकडा ६४ च्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत खाली. हा आकडा प्रत्येक सभेत सुस्कारा सोडून वाचला जातो, आणि सुस्काऱ्याच्या शेवटी नेहमीचे अनुमान येते: आदिवासींना शिक्षणाची गोडीच नाही. मी म्हणतो, गोडी लागावी असे तुम्ही त्यांच्या ताटात वाढले काय ते आधी सांगा!

कायद्याने काय वाढायला सांगितले आहे ते पाहा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिले आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वृत्तपत्रे असावीत, मासिके असावीत, गोष्टींची पुस्तकेदेखील असावीत. गोष्टींची पुस्तके! कायदा करणाऱ्या रुक्ष मंडळींनाही ज्याची आठवण राहिली, त्याचा आम्हांला विसर पडला.

पुस्तके मुळीच नाहीत असे कोणी समजू नये. पुष्कळ शाळांत ती आहेत. पण ती कपाटात आहेत, आणि कपाटाला कुलूप आहे. डोंगरातल्या एका शाळेत मी किल्ली मागितली, तेव्हा गुरुजी प्रामाणिकपणे म्हणाले, "मुले फाडतात हो. पुस्तक हरवले तर भरून कोण देणार?" मला त्या गुरुजींचा राग आला नाही. पुस्तक फाटले तर त्यांना जाब द्यावा लागतो; पुस्तक दहा वर्षे न उघडता राहिले, तर एकही साहेब जाब विचारीत नाही. शाळेतल्या टेबलखुर्च्यांची नोंद ज्या वहीत होते तिला डेडस्टॉक म्हणतात. पुस्तकांची वही निराळी असते खरी, पण वृत्ती तीच. जे शाबूत ते सुरक्षित, आणि जे सुरक्षित ते उत्तम!

वर्षातून एकदा मात्र कुलूप निघते. २०१५ पासून १५ ऑक्टोबर, डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, आपल्या राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. कल्पना चांगली आहे. पण ज्या शाळेत चौदा तारखेला कुलूप आणि सोळा तारखेला पुन्हा कुलूप, तिथे पंधराव्या तारखेची प्रेरणा किती टिकणार? बैलालासुद्धा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वैरण लागते.

आता दुसऱ्या कुलपाकडे वळतो. ते लोखंडाचे नाही, भाषेचे आहे. देहवाली भिली बोलणाऱ्या घरात आईला 'याहा' म्हणतात. सातपुड्याची याहामोगी ती हीच आई. त्या घरातले सहा वर्षांचे मूल शाळेत येते, आणि त्याला पहिल्याच दिवशी कळते की आपली भाषा उंबऱ्याबाहेर ठेवून यायची असते. ते गप्प बसते. आपण त्याला मठ्ठ म्हणतो. पुण्याच्या मुलाला पहिलीत एकाएकी तमिळ पुस्तक दिले आणि त्याने तोंड उघडले नाही, तर त्याला मठ्ठ म्हणाल का?

यावर विद्वान विचारतात, बोली तरी किती? भिली, पावरी, मावची, कोकणी. कोणाकोणाची पुस्तके काढायची? शिवाय नोकरीला मराठी लागते, इंग्रजी लागते. नोकरीला मराठी लागते हे मला मान्य आहे. या मुलांना ती उत्तम आलीच पाहिजे. पण अनोळखी भाषेकडे जायचा रस्ता ओळखीच्या भाषेतून जातो, एवढे तर कोणतीही आजी सांगेल. आणि घटनेचे ३५०-अ हे कलम १९५६ पासून सांगत आले आहे की भाषिक अल्पसंख्य मुलांच्या प्राथमिक शिक्षणाची सोय मातृभाषेतून व्हावी. बोली अनेक आहेत म्हणून एकीतही काही करायचे नाही, हा युक्तिवाद नव्हे, पळवाट आहे.

हे होऊ शकते याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. नर्मदेच्या बुडिताशी झगडणाऱ्या गावांनी १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांतच चिमलखेडी, निमगव्हाण येथे जीवनशाळा उभ्या केल्या. आंदोलनाच्या राजकारणाविषयी ज्याचे त्याने मत ठेवावे. पण लोकवर्गणी आणि देणग्या यांवर चाललेल्या त्या शाळांत मुलांच्या बोलीला वर्गात पाट मांडून बसवले, आणि तिचा हात धरून मराठी शिकवली. गरिबांच्या झोपडीशाळेला जे सुचले, ते पक्क्या इमारतींना का सुचू नये?

त्याच्याही आधीचा दाखला खानदेशातलाच आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढीत. अनुदान नाही, परिपत्रक नाही. शाई, कागद आणि मुलांविषयीचा जिव्हाळा एवढेच भांडवल. आमच्या आश्रमशाळांतही मुले घरापासून दूर राहतात. संध्याकाळी त्यांना सर्वांत जास्त गरज असते ती गोष्टीची. त्यांच्याच आज्यांच्या गोष्टी, त्यांच्याच अक्षरांत लिहून भिंतीवर लावायला कोणाची मंजुरी हवी आहे?

आणि कोण म्हणतो की या मातीला अक्षराचे प्रेम नाही? शहाद्याकडच्या वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा कवितासंग्रह १९८७ साली निघाला. तो माणूस श्रमिकांच्या चळवळीत वाढला. तो कवी झाला, आणि त्याच्यासारखे आणखी किती कवी कुलपाआड राहिले, याचा हिशेब कोणत्या वहीत आहे?

शिरीषकुमारची कथा तर सारा महाराष्ट्र जाणतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या चौकात हा शाळकरी मुलगा तिरंगा हाती घेऊन गोळ्यांना सामोरा गेला. त्याच्यासह पाच बालवीर त्या दिवशी पडले. आपण स्मारकाला हार घालतो, भाषणे करतो. पण शिरीषकुमारवरचे एखादे सोपे, सचित्र पुस्तक जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाच्या हाती आहे का? हार दुसऱ्या दिवशी सुकतो, पुस्तक घरी जाते.

वाचकहो, आपण हा अंक मांडीवर घेऊन बसाल, त्याच दिवसांत सातपुड्यातली बिऱ्हाडे ऊसतोडीसाठी गुजरातची वाट धरतील. भांडी, कोंबड्या, कोयते आणि पोरे एकाच ट्रकमध्ये. त्या पोरांचे नाव शाळेच्या पटावर असेल आणि पोरे सुरतेकडच्या फडात. त्यांच्यासाठी माझे मागणे मोठे नाही. ट्रक निघण्यापूर्वी प्रत्येक बिऱ्हाडाबरोबर पिशवीभर गोष्टींची पुस्तके द्या. ती परत आली तर उत्तम. फाटून आली तर त्याहून उत्तम, कारण ती कोणीतरी हाताळली. शिक्षण खात्याने एक साधा हुकूम काढावा: वापराने फाटलेल्या पुस्तकाची भरपाई शिक्षकाकडून मागितली जाणार नाही, आणि न उघडलेल्या पुस्तकाबद्दल मात्र जाब विचारला जाईल. कपाटाची किल्ली चौथीच्या वर्गातल्या एखाद्या मुलीकडे द्यावी. आणि आपण, जे दर दिवाळीला अंकांवर हौसेने खर्च करतो, त्यांनी यंदा मुलांच्या चार पुस्तकांचे पैसे बाजूला काढून ती एखाद्या डोंगरातल्या शाळेकडे धाडावीत. सोबत चिठ्ठी असावी, की ही पुस्तके फाटेपर्यंत वाचण्यासाठी आहेत. एवढे केल्यावर मुले वाचत नाहीत असे ज्याला म्हणायचे असेल त्याने खुशाल म्हणावे. मी त्याचे ऐकून घेईन.